पुराची इशारा पातळी आहे, मग धुक्याची का नाही? सांगलीचे प्रशासन आणि साखर कारखान्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, सांगली
मा. आयुक्त, सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका
जिल्ह्यातील सर्व साखर कारखान्यांचे अध्यक्ष, संचालक आणि शेती अधिकारी

सविनय नमस्कार.

आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर आलं की इशारा पातळी, 45 फुटांवर आलं की धोका पातळी, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. जुलै-ऑगस्टमध्ये इथली माणसं चहाच्या आधी कोयनेचा विसर्ग आणि पुलाची पातळी बघतात. 2019 साली पाणी 57 फुटांवर गेलं आणि निम्मं शहर बुडालं. आता पावसाळ्याआधीच बैठका होतात. बोटी कुठे ठेवायच्या, कुठली गल्ली आधी रिकामी करायची, जनावरं कुठे हलवायची, सगळं कागदावर तयार असतं. हे काम तुम्ही मनापासून करता, ते आम्ही बघितलंय.

हिवाळ्यासाठी मात्र यातलं काहीच नाही. धुक्यात आणि अंधारात रस्त्यावर जीव गमावणारी माणसं एकेकटी जातात, वेगवेगळ्या पहाटे, वेगवेगळ्या फाट्यांवर. म्हणून ती आपत्ती ठरत नाही आणि त्यासाठी बैठक लागत नाही. मी कसबे डिग्रजचा ऊस उत्पादक, राहायला विश्रामबागेत. माझाही ऊस याच रस्त्यांवरून, याच ट्रॉल्यांतून कारखान्याला जातो. त्यामुळे हे पत्र कारखान्यांच्या विरोधातलं नाही आणि वाहतूकदारांच्याही नाही. कारखान्यांचे बॉयलर पेटून हंगाम सुरू व्हायच्या आधी, अजून काही करता येण्यासारखं आहे तोवर, ते लिहितोय.

आपल्याकडे धुकं आणि गळीत हंगाम एकाच वेळी येतात, सगळी अडचण तिथेच सुरू होते. रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन भराभर थंड होते. तिच्या अंगालगतच्या हवेत नदीची आणि पाणी पाजलेल्या उसाची ओल भरलेली असते, पहाटे तीच बारीक थेंब होऊन तरंगते. सांगलीवाडी, डिग्रज, समडोळी, हरिपूर, अंकली ही नदीकाठची पट्टी म्हणूनच सगळ्यात आधी धुक्यात बुडते. त्यात उसाचा फड तुटला की मागे राहिलेलं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, पेटवतात. संध्याकाळी पेटवलेल्या पाचटाचा धूर थंड हवेत वर चढत नाही. तो रस्त्यालगत लोळत राहतो आणि पहाटे धुक्यात मिसळतो. मग जे तयार होतं त्यात गाडीचा दिवा समोर दोन हातांवर नुसता पांढरा पडदा दाखवतो.

हवामान खात्याच्या मापात दिसण्याचं अंतर 1,000 मीटरच्या आत आलं की धुकं, 200 मीटरच्या आत आलं की दाट धुकं आणि 50 मीटरच्या आत आलं की अति दाट. आता साधा हिशेब करू. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 16 मीटरहून जास्त जाते. समोर काहीतरी आहे हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर 25 मीटर तिथेच गेले. ब्रेक दाबल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात, दव पडलेल्या रस्त्यावर त्याहून जास्त. म्हणजे अति दाट धुक्यात 60 च्या वेगाने जाणाऱ्याला समोरची अंधारी ट्रॉली दिसते तेव्हाच उशीर झालेला असतो. तोच माणूस 40 च्या वेगाने जात असेल तर सत्तावीस-अठ्ठावीस मीटरांत थांबतो. एवढ्या फरकात जीव वाचतो.

आता ती ट्रॉली जवळून बघा. डबल ट्रॉलीवर वीस टनांच्या आसपास ऊस असतो. मोळ्या दोन्ही बाजूंनी चांगल्या हातभर बाहेर आलेल्या असतात, मागे शेंडे लोंबत असतात. मागच्या फळीवर कधीकाळी लावलेली रेडियमची पट्टी असतेच, नाही असं नाही. पण तिच्यावर हंगामभराचा चिखल आणि धूळ, आणि वरून लोंबणारं वाढं. ट्रॅक्टरपासून मागच्या दिव्यापर्यंत वायर जाते ती पहिल्या ट्रॉलीच्या खालून. दोन ट्रॉल्यांच्या जोडावर ती वळणावळणाला ओढली जाते आणि एके दिवशी तुटते. तुटली की पुढची दिवे असलेली आणि मागची अंधारी अशी गाडी महिनाभर तशीच पळते. ट्रॅक्टरवर टेप मोठ्याने लावलेला असतो, मागून कुणी हॉर्न दिला तरी चालकाला ऐकू जात नाही. बैलगाडीची तर गोष्टच निराळी. गाडीवान रात्रभर कारखान्यावर नंबरला बसून दमलेला असतो, रिकामी गाडी घेऊन पहाटे परतताना तो उसाच्या पाल्यावर झोपतो आणि वाट बैलांना ठाऊक असते. गाडीत कधीकधी बायको आणि लेकरूही असतं.

माझ्या गल्लीतला एक मुलगा कुपवाड एमआयडीसीत पहिल्या पाळीला जायचा. पहाटे बायपासवर ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. चालक टायर घेऊन गेला होता. मागे खबरदारी म्हणून दोन दगड आणि बाभळीची फांदी ठेवली होती. ती फांदी धुक्यात दिसली असती तर ट्रॉलीही दिसली असती. मुलगा वाचला, पण गुडघा कायमचा गेला, पाळीची नोकरीही गेली. आता तो घराच्या ओट्यावर बसून मोबाईल दुरुस्ती शिकतोय. त्याची आई मला दर हंगामाला विचारते, यंदा काही केलंय का हो त्यांनी? माझ्याकडे सांगायला काही नसतं. दुसऱ्या दिवशी ट्रॉली गेली होती आणि दगड मात्र रस्त्यातच होते, हेही सांगायला हवं. असे मागे राहिलेले दगड या जिल्ह्यातल्या प्रत्येक उसाच्या रस्त्यावर सापडतात.

कारखान्यांच्या संचालकांना माझी पहिली विनंती आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या रस्त्यांवर पोलीस आणि परिवहन खात्याची माणसं उभी करणं कुणालाच जमणार नाही. पण उसाची प्रत्येक गाडी एका ठिकाणी यावीच लागते, ती म्हणजे तुमचा वजनकाटा. तिथे गाडीचा नंबर, वाहतूकदाराचा कोड, शेतकऱ्याचं नाव आणि खेपेचं वजन सगळं नोंदलं जातं. तिथेच एक नियम करा. मागे दिवा आणि स्वच्छ रेडियम नाही, तर काटा नाही. एक माणूस, एक बादली पाणी, एक फडकं आणि रेडियमचा रोल एवढंच त्यासाठी लागतं. पट्टी पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल हे नियमातच ठरलेलं आहे, नव्याने काही शोधायचं नाही. बैलगाडीला मागे लाल आणि बैलांच्या शिंगांना किंवा जुवाला पांढरी पट्टी. काही कारखाने हंगामाच्या सुरुवातीला कापडी रिफ्लेक्टर वाटतात, फोटोही छापून येतात. त्याबद्दल आभार. पण डिसेंबरच्या शेवटी ते कापड मातकट झालेलं असतं, आणि खरं धुकं तर तेव्हाच पडतं. वाटप एकदाच होऊन चालत नाही, प्रत्येक खेपेला बघावं लागतं.

दुसरं म्हणजे करार. तोडणी-वाहतुकीचे करार उन्हाळ्यातच होतात, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तेव्हाच दिली जाते. त्या करारात दिवा, रेडियम, गाडी बंद पडली तर मागे रस्त्यावर ठेवायची त्रिकोणी पाटी आणि रस्त्यात दगड न सोडण्याची अट घाला. यंदाचे करार होऊन गेले असतील तर पुरवणी जोडा. कुणी म्हणेल खर्च कोण करणार. खर्च आम्हीच करतोय. एफआरपीतून, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दरातून, तोडणी-वाहतुकीचा खर्च आमच्याच बिलातून वजा होतो. ज्या वाहतुकीचे पैसे शेतकरी भरतो ती सुरक्षित असावी असं म्हणायचा अधिकार शेतकऱ्याला आहे. टनामागे चार पैसे जास्त गेले तरी मी ते देईन, आणि माझ्या ओळखीचे बरेच जण देतील. जादा भाराबद्दल कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे, तरी गाड्या कशा भरल्या जातात हे सगळ्यांना माहीत आहे. दंडाने जे झालं नाही ते काट्यावर होईल असं मला वाटतं, कारण दंड कधीतरी होतो आणि काटा रोज होतो.

आता जिल्हाधिकारी साहेब, तुमच्याकडे.

धुक्याची इशारा पातळी ठरवा. त्यासाठी महागडं यंत्र नको. बांधकाम खातं रस्त्याकडेच्या झाडांना चुना आणि गेरूचे पट्टे मारतंच. नदीकाठच्या प्रत्येक मोठ्या फाट्यावर एक जागा ठरवून तिथून 100 आणि 200 मीटरवरच्या झाडाला किंवा खांबाला ठळक रंगाचा पट्टा मारा. पहाटे नाक्यावरचा होमगार्ड, पोलीस पाटील किंवा कारखान्याच्या गट ऑफिसचा माणूस तिथे उभा राहील. दोनशेचा पट्टा दिसेना झाला की इशारा, शंभरचा दिसेना झाला की धोका. इशाऱ्यावर उसाच्या गाड्यांचा वेग 20 च्या आत आणि टेप बंद. धोक्यावर एकही ट्रॅक्टर-ट्रॉली, एकही बैलगाडी फडातून किंवा यार्डातून रस्त्यावर येणार नाही. ज्या वाटेत असतील त्यांनी जवळच्या पेट्रोल पंपावर, गट ऑफिसच्या आवारात किंवा आधी ठरवून दिलेल्या मोकळ्या जागेत शिरायचं, रस्त्याच्या कडेला थांबायचं नाही. ऊन वर आलं की साडेआठ-नऊपर्यंत धुकं बहुतेक वेळा उठतं. म्हणजे प्रश्न पहाटेच्या चार-पाच तासांचा आहे.

यावर कारखान्यांचं उत्तर मला माहीत आहे. ऊस वाळेल, वजन घटेल, साखरेचा उतारा जाईल, गव्हाण (गाळपासाठी ऊस टाकतात ती जागा) रिकामी पडेल. तोडल्यावर ऊस दिवसेंदिवस पडून राहिला तर वजन आणि साखर दोन्ही घटतात, खरं आहे. पण थंडीतल्या पहाटेच्या चार तासांनी काही बिघडत नाही. याच गाड्या यार्डात नंबर लागायची वाट बघत बारा-बारा तास उभ्या असतात, तेव्हा उताऱ्याची काळजी कुणी काढत नाही. गव्हाण चालू राहावी म्हणून आदल्या संध्याकाळी यार्डात चार गाड्या जास्त घ्या. ते नियोजन तुमच्या शेती खात्याला अजिबात अवघड नाही.

इशारा पोचवायचा कसा, हाही प्रश्न नाही. तासगाव आणि मिरज पूर्व भागातल्या द्राक्षबागायतदारांना आज रात्री धुकं पडणार, दव पडणार, डाऊनीला (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाला) जपा, असे संदेश मोबाईलवर येतात. त्यावर ते फवारणीची तयारी करतात. एका बागेसाठी जे जमतं ते रस्त्यासाठीही जमायला हवं. ऊसतोडीची पाळीपत्रकं, तोडणी टोळ्यांच्या मुकादमांचे नंबर, फडावर चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयचे नंबर, वाहतूकदारांचे ग्रुप हे सगळं कारखान्यांकडे आहे. संध्याकाळी सातला एक संदेश आणि पहाटे चारला दुसरा, बस.

जिथे बर्फ पडतो त्या देशांतली शहरं हिवाळ्याच्या आधीच ठरवून ठेवतात की कुठल्या रस्त्यावर आधी मीठ टाकायचं, कुठल्यावर नंतर, आणि घरासमोरचा फुटपाथ मोकळा कुणी करायचा. दवाखान्याचा रस्ता, चढाचा रस्ता, पूल, मग बाकीचे. आपल्याकडे बर्फ नाही आणि मिठाची गरजही नाही. पण तो आधीचा कागद आपल्याकडेही असायला हवा. आयुक्त साहेब, तुमच्यासाठी त्या कागदावर मी पहिली ओळ दिव्यांची लिहीन.

जूनच्या सुरुवातीला सांगलीत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. जानेवारीच्या मध्याला तो सात वाजून गेल्यावर उगवतो. सगळ्यात मोठी रात्र 22 डिसेंबरच्या आसपासची असली तरी सगळ्यात उशिराची पहाट जानेवारीतच असते. म्हणजे पूर्ण एक तासाचा फरक. पथदिव्यांचं टायमर मात्र बऱ्याच भागांत आहे तिथेच राहतं. शाळेच्या रिक्षा, दूधवाले, पेपरवाले, फिरायला निघालेली म्हातारी माणसं रस्त्यावर असतात आणि डोक्यावरचे दिवे विझतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी साडेसातपर्यंत दिवे चालू ठेवा, धुकं असेल तर आणखी अर्धा तास. वीजबिलाचा आकडा काढून बघा, एका अपघाताच्या पुढे तो काहीच भरणार नाही.

मग रस्त्याच्या कडा. धुक्यात चालवणारा माणूस समोर बघत नाही, तो डावीकडचा पांढरा पट्टा धरून जातो. तो पट्टाच पुसलेला असला तर त्याला रस्ता कुठे संपला ते कळत नाही. आणि आपल्याकडे रस्ता संपतो तिथे वीतभर खाली उतरतो, कारण डांबराचा थर नवा चढतो आणि साईडपट्टी भरायची राहून जाते. समोरून आलेल्या ट्रॉलीला बाजू देताना दुचाकीचं चाक त्या काठावरून घसरलं की माणूस ट्रॉलीच्या बाजूलाच पडतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि पुन्हा बघायची ताकद माझ्यात नाही. साईडपट्टीचा मुरूम हे डांबरीकरणाच्या कामाचाच भाग समजा, ती भरल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नका. मोटार वाहन कायद्यात 198अ हे कलम आलंय, रस्त्याच्या सदोष बांधणी-देखभालीमुळे माणूस दगावला किंवा अपंग झाला तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो कुणाला व्हावा अशी माझी इच्छा नाही, काम व्हावं एवढीच आहे. आणि डांबरीकरण दिवसा करा. हवा 10 अंशांखाली असताना डांबराचं काम करू नये असा तांत्रिक नियमच आहे, डिसेंबरच्या रात्री घाईने अंथरलेला थर दबायच्या आधीच गार होतो आणि पुढच्या पावसात उखडतो.

गतिरोधकांना रंग द्या. 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच हे त्याचं प्रमाण, आपल्याकडचे बरेचसे हातभर रुंदीचे आणि उभ्या उंचवट्याचे आहेत. तेही एकवेळ चालतील, पण अंधारात दिसू तरी द्या.

रस्त्यावर सांडलेला ऊस हा विषय कुणी मनावर घेत नाही. दुचाकीच्या चाकाखाली उसाची गोल कांडी आली की बेअरिंगवर पाय पडावा तसं होतं. चाकांखाली चिरडलेल्या उसाचा रस रात्रभर रस्त्यावर पसरतो, त्यावर दव पडतं, आणि सकाळी वळणावर तो भाग साबण लावल्यासारखा गुळगुळीत असतो. शहरात उसाची वाहतूक ज्या रस्त्यांवरून होते त्या रस्त्यांची सफाई हंगामात सकाळी सर्वात आधी व्हायला हवी, बाजारपेठेच्याही आधी. सफाई कामगारांना रेडियमचं जॅकेट द्या, तेही त्याच अंधारात झाडत असतात. कारखाने यात वाटा उचलतील, विचारून बघा.

फुटपाथबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला सगळं माहीत आहे. निदान 1.8 मीटर मोकळी वाट असावी असं इंडियन रोड्स काँग्रेस सांगते. विश्रामबागेत, शंभर फुटी रस्त्यावर, मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर किती ठिकाणी तेवढी वाट आहे हे एकदा टेप घेऊन मोजून घ्या. फुटपाथवर जागा नाही म्हणून काळा स्वेटर आणि करडी शाल घेतलेला सत्तरीचा माणूस धुक्यात डांबरी रस्त्यावरून चालतो. चेंबरची झाकणं आणि खचलेले पेव्हिंग ब्लॉक एवढं तरी दिवाळीआधी बघा. शेकोट्या फुटपाथवर पेटतात त्या मात्र कुणाची सकाळची ऊब असते, हाकलून देऊ नका. वॉचमन, हमाल, रिक्षावाले जिथे बसतात तिथे जवळच कडेला जागा करून द्या. टायर आणि प्लास्टिक जाळू नका एवढं त्यांना सांगितलं तर ते ऐकतात.

आम्ही नागरिकांनी काय करायचं तेही ठाऊक आहे. धुक्यात अप्पर मारला की उजेड थेंबांवरून आपल्याच डोळ्यांत परत येतो, म्हणून डिप्परवर जायचं. फिरायला जाताना अंगावर काहीतरी पांढरं घ्यायचं आणि समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून चालायचं. पाचट न जाळता कुट्टी करून शेतात ठेवायचं. शेवटचं मी माझ्या शेतात करतो आणि गावात चार जणांना सांगतोही.

ट्रॅक्टर चालवणारी पोरं विशी-बाविशीची असतात. बीडकडून, जतकडून आलेली जोडपी पहाटे फडात उतरतात तेव्हा आम्ही झोपलेलो असतो. आमच्या उसासाठी राबणारी ही माणसं त्याच रस्त्यावर, त्याच धुक्यात असतात, आणि ट्रॉलीवर मागून गाडी आदळते तेव्हा कधीकधी वर बसलेली तीच असतात. त्यांच्यावर केस घालून हा प्रश्न सुटणार नाही. त्यांना दिवा द्या, पट्टी द्या, आणि धुक्यात थांबलात तरी तुमची खेप बुडणार नाही असं लेखी द्या. खेप बुडायची भीती गेली की ते थांबतील.

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होतं, फलक लागतात, शाळेतल्या मुलांची फेरी निघते. तोपर्यंत निम्मा हंगाम संपलेला असतो. म्हणून विनंती आहे की समितीची बैठक गव्हाणीत मोळी पडायच्या आधी घ्या, आणि तिला कारखान्यांचे शेती अधिकारी, वाहतूकदार, दोन-चार मुकादम, महापालिकेचा विद्युत विभाग, बांधकाम खातं आणि परिवहन खातं अशी सगळी माणसं एका टेबलावर बोलवा. त्या बैठकीत एका गाळप हंगामापुरतं, एका कारखान्यावर आणि नदीकाठच्या एका रस्त्यावर हे सुरू करायचं ठरलं तरी चालेल. सांगली ते डिग्रज हा पट्टा घ्या असं मी सुचवेन. पट्टे कुठल्या झाडांना मारायचे ते मी आणि आमच्या गावातली माणसं येऊन दाखवू, चुना-गेरू आमचा.

आपला विश्वासू,
कसबे डिग्रजचा एक ऊस उत्पादक, मुक्काम विश्रामबाग, सांगली